‘खेळच तर होता’: भूमिका, विश्वासघात आणि क्षमा

१

भूमिका घेऊन खेळल्या जाणाऱ्या खेळात एका खेळाडूने दुसऱ्याचा विश्वासघात केला तर त्या कृतीचे नैतिक स्वरूप कोणते, आणि तिला क्षमा संभवते काय, हा प्रश्न प्रथमदर्शनी क्षुल्लक वाटण्याची शक्यता आहे. १९७४ मध्ये अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध झाला आणि एक नवा क्रीडाप्रकार रूढ झाला. चारपाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येक जण एकेक पात्र स्वीकारतो, एक जण सूत्रधाराचे काम करतो आणि संवाद व फासे यांच्या आधारे सर्वांची मिळून एक कथा घडत जाते. अशा कथेत कोणी सोबत्याला शत्रूच्या हवाली केले, तर जाब विचारल्यावर मिळणारे उत्तर ठरलेले असते: ‘मी नव्हे, माझे पात्र तसे वागले.’ दुखावलेल्या सोबत्याने मग रागवायचे कोणावर? पात्रावर रागवावे तर ते अस्तित्वातच नाही, आणि माणसावर रागवावे तर त्याला खिलाडूवृत्ती नाही असे म्हटले जाणार.

हा पेच मराठी वाचकाला परका नाही. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या १९६७ साली रंगभूमीवर आलेल्या नाटकाचा गाभा नेमका हाच आहे. त्याची चर्चा बहुधा स्त्रीचे शोषण, मध्यमवर्गीय दांभिकता वा समूहाची हिंस्रता या अंगांनी झाली, आणि ती योग्यच होती. प्रस्तुत लेखात मात्र हे नाटक एका खेळगटाची कथा म्हणून वाचून पाहायचे आहे. कारण त्या वाचनातून क्षमेविषयीचा एक प्रश्न अधिक स्पष्ट होतो, असे मला वाटते.

२

खेळातील दगा एकाच जातीचा नसतो. पहिला प्रकार खेळाच्या नियमांनी मान्य केलेल्या दग्याचा. १९५९ मध्ये बाजारात आलेल्या ‘डिप्लोमसी’ या पटावरील खेळात मैत्रीचे करार करणे आणि ते मोडणे हेच खेळाचे मर्म आहे. तेथे फसलेला खेळाडू चडफडेल, पण त्याच्यावर अन्याय झाला असे म्हणता येणार नाही. फसण्याची शक्यता स्वीकारूनच तो पटावर बसलेला असतो. दुसरा प्रकार नियमभंगाचा. योहान हुइझिंगा यांनी १९३८ च्या ‘होमो लुडेन्स’ या ग्रंथात लबाडी करणारा आणि खेळ उधळणारा यांच्यात केलेला भेद प्रसिद्ध आहे. लबाड खेळाडू वरकरणी तरी खेळाचे जग मानतो. उधळणारा ते जगच नाकारतो, म्हणून समूह त्याच्यावर अधिक चिडतो.

या दोहोंत न बसणारा एक तिसरा प्रकार आहे. त्यात नियम मोडले जात नाहीत, खेळही उधळला जात नाही. उलट दोन्ही काटेकोरपणे पाळले जातात. मात्र पात्राच्या आडून खऱ्या माणसावर नेम धरला जातो. ग्रेगरी बेटसन यांनी १९५५ च्या आपल्या निबंधात दाखवले की, प्रत्येक खेळाच्या मुळाशी ‘हे खेळ आहे’ असा एक संदेश असतो आणि त्या संदेशामुळेच चावा हा चावा ठरत नाही. तिसऱ्या प्रकारचा विश्वासघात हा संदेशच वापरून घेतो. घाव घालताना तो संदेश दूर सारला जातो, घाव बसल्यावर पुन्हा पुढे केला जातो. याला चौकटीचा विश्वासघात म्हणता येईल.

३

‘शांतता!’मधील हौशी मंडळी रात्रीच्या प्रयोगासाठी एका गावी आलेली आहेत. अभिरूप न्यायालयाचा प्रयोग नवख्या सामंतला समजावा आणि वेळही जावा, म्हणून एक लुटुपुटीचा खटला उभा करण्याचे ठरते. आरोपी म्हणून लीला बेणारेची निवड होते ती तिच्या माघारी. ती आतून बाहेर येते तेव्हा तिच्यावर भ्रूणहत्येचा आरोप ठेवला गेलेला असतो. तिने भूमिका मागितलेली नाही. ती तिच्यावर लादलेली आहे. खेळाचे पहिले तत्त्व, म्हणजे स्वेच्छा, येथेच बाधित होते. परंतु खिलाडूपणाचा संकेत असा की, नकार देणारा रडका ठरतो. म्हणून ती सुरुवातीला थट्टेवारीच नेते.

यानंतर घडते ते खेळाच्या परिभाषेत अगदी नेमके सांगता येते. भूमिकाखेळ खेळणाऱ्यांमध्ये एक मूलभूत दंडक असतो: खेळाडूला ठाऊक असलेली गोष्ट पात्राला ठाऊक आहे असे धरून वागायचे नाही. या दंडकावरच टेबलाभोवतीचा विश्वास उभा असतो. पोंक्षे आणि रोकडे साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहून नेमका हा दंडक मोडतात. बेणारेने त्यांना विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी आता ‘साक्ष’ होतात. दुसऱ्या बाजूने सामंत एका कादंबरीतून उचललेले संवाद म्हणून दाखवतो, आणि ते तिच्या आयुष्याला तंतोतंत लागू पडतात. एकीकडे सत्य कल्पिताच्या वेषात येते, दुसरीकडे कल्पित सत्य होऊन बसते. न्यायालयाची औपचारिकता मात्र कोठेही ढळत नाही. सुखात्मे वकिली शिस्तीने उलटतपासणी करतात, काशीकर शांततेचा आदेश देत राहतात. लबाडी नाही, उधळणे नाही. हुइझिंगांची वर्गवारी येथे अपुरी पडते ती यामुळे.

निकालानंतर प्रेक्षक दाराशी येतात आणि सगळे जण क्षणात नेहमीसारखे होतात. झाला तो खेळ होता, मनाला लावून घेऊ नये, उठून तयारी करावी, असा सूर लागतो. मला या नाटकातील सर्वांत क्रूर क्षण निकालाचा वाटत नाही; हा वाटतो. निकालात निदान तिच्यावर काही केले जात आहे याची कबुली आहे. या सांत्वनात ती कबुलीही मागे घेतली जाते. जे घडलेच नाही त्याचा जाब विचारता येत नाही. आणि ज्याचा जाब विचारता येत नाही त्याला क्षमाही करता येत नाही. ‘खेळच तर होता’ हे वाक्य दुखावलेल्याकडून रागाचा अधिकार काढून घेते आणि क्षमेचाही.

४

याची पूर्वपीठिका आपल्याकडे सभापर्वात आहे. द्यूत हा मान्य खेळ. पण शेवटी पणाला लागते ती एक जिवंत व्यक्ती, जिने या खेळात कधी भाग घेतलेला नाही. आधी स्वतःला हरलेल्याला मला पणाला लावण्याचा अधिकार होता काय, हा द्रौपदीचा प्रश्न सुप्रसिद्ध आहे. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये या प्रश्नाबद्दल द्रौपदीला दोष दिला. अशा प्रसंगी कायद्याचा काथ्याकूट करणे हे त्यांना घातक पांडित्य वाटले. कर्वे यांच्याविषयी पूर्ण आदर राखून असे म्हणावेसे वाटते की, हा प्रश्न केवळ नियमांविषयी नाही. सर्वांनी गृहीत धरलेली चौकट तो उघडी करतो: खेळ कोठे संपला आणि माणूस कोठे सुरू झाला, हे सभेने सांगावे. सभेला ते सांगता येत नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत, फ्रँकलिन एजर्टन यांनी संपादित केलेल्या सभापर्वात, द्रौपदीने केलेला कृष्णाचा धावा मुख्य संहितेत नाही. संहितेचे हे रूप स्वीकारले, तर सभेचे मौन झाकायला त्या प्रार्थनेचा आडोसाही उरत नाही.

पुढे धृतराष्ट्र वर देतो आणि हरलेले सर्व परत मिळते. ही क्षमा नव्हे, समेटही नव्हे. डाव पुसून टाकणे आहे. कोणी काही कबूल केलेले नसते. म्हणूनच थोड्याच वेळात त्याच फाशांनी अनुद्यूत खेळले जाते. कबुलीविना केलेली भरपाई त्याच खेळाला पुन्हा आमंत्रण देते, हे महाभारताने येथे अत्यंत निर्विकारपणे दाखवले आहे.

वनपर्वात द्रौपदीच युधिष्ठिराला प्रल्हाद आणि बली यांचा संवाद ऐकवते. सदैव तेज श्रेयस्कर नाही आणि सदैव क्षमाही नाही, हे त्याचे सार. पूर्वी उपकार केलेल्याला क्षमा करावी, अजाणता चुकलेल्याला करावी, पहिल्या अपराधालाही करावी. परंतु जाणूनबुजून केलेले कृत्य जे अजाणता घडले असे सांगतात, त्यांचा अपराध अल्प असला तरी त्यांना सोडू नये, असे तेथे बजावले आहे. ‘खेळच तर होता’ म्हणणारे याच वर्गात मोडतात. त्यांचा मूळ अपराध कदाचित क्षम्य असेल. त्याचे नाव बदलणे क्षम्य नाही.

५

हॅना आरेंट यांनी १९५८ मध्ये मांडले की, कृती परत घेता येत नाही या मानवी अडचणीवर क्षमा हा उपाय आहे. झाक देरिदा यांच्या मते जे क्षम्य आहे त्याला क्षमा करण्यात विशेष काही नाही. अक्षम्य असेल तेथेच क्षमेचा प्रश्न खऱ्या अर्थाने उपस्थित होतो. या दोन्ही भूमिकांत एक गोष्ट गृहीत आहे: काहीतरी घडले आहे आणि ते कोणीतरी केले आहे. खेळगटात हे गृहीतच हिरावले जाते. म्हणून तेथे क्षमेच्या आधीची पायरी महत्त्वाची. टेबल सोडून, पात्रांची नावे बाजूला ठेवून, माणसाने माणसाला ‘हे मी केले’ असे म्हणणे, ही ती पायरी. ‘माझे पात्र असेच वागले असते’ हे विधान खरे असले तरी अपुरे आहे, कारण पात्राला तसे वागवण्याची निवड खेळाडूची असते.

यावर असा आक्षेप येईल की, मग खेळात मोकळेपणा कसा उरणार? प्रत्येक घावाचा हिशेब मागितला तर भूमिका घेण्यातला धोका, आणि म्हणून अर्थही, नाहीसा होईल. आक्षेप रास्त आहे. पण तो पहिल्या प्रकारच्या दग्यापुरता. पात्राने पात्राला दिलेला दगा निःसंकोच द्यावा, घ्यावा. प्रश्न आहे तो पात्राच्या खिडकीतून माणसाच्या घरात शिरण्याचा.

कबुलीनंतरही क्षमा मिळेलच असे नाही, आणि गट टिकलाच पाहिजे असेही नाही. पुण्याच्या नाट्येतिहासातच याचे उदाहरण आहे. १६ डिसेंबर १९७२ रोजी प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने ‘घाशीराम कोतवाल’ रंगमंचावर आणले. १९ प्रयोगांनंतर संस्थेने ते थांबवले. कलावंत बाहेर पडले आणि १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी उभी राहिली. कोणी कोणाचा विश्वासघात केला, हा येथे प्रश्न नाही. मतभेद प्रामाणिक असू शकतात. लक्षात घ्यायचे ते एवढेच की, ‘काही झालेच नाही’ असे म्हणत एकत्र राहण्यापेक्षा मतभेदाला मतभेद म्हणून वेगळे होणे परस्परांचा अधिक आदर करणारे असते.

पुन्हा बेणारेकडे. सर्व जण तयारीला लागल्यावर सामंत तेवढा अडखळतो. त्याने पुतण्यासाठी घेतलेला कापडी पोपट तो निश्चल पडलेल्या बेणारेजवळ ठेवतो आणि जातो. तो क्षमा मागत नाही. त्याला आपला वाटा नीटसा कळलेलाही नसावा. पण काहीतरी घडले आहे हे त्या मंडळींत फक्त त्याने मानले. ही क्षमा नाही. क्षमा करणे वा न करणे बेणारेच्या हाती, आणि नाटक तिच्या वतीने उत्तर देत नाही. तसे देण्याचा अधिकार समीक्षकालाही नाही. आपणही पूर्वार्धात त्या थट्टेला हसलेलो असतो. ते हसणे आपले होते, एवढे म्हणण्यापासून वाचकाला सुरुवात करता येईल.