हातचे सोडताना

गेल्या पावसाळ्यात आमच्या वर्गात एक लहानसा तंटा झाला. त्या दिवशी तास मोकळा होता, बाहेर पाऊस कोसळत होता आणि मैदानावर जाता येत नसल्यामुळे मुले हिरमुसली होती. म्हणून मी त्यांना ब्राझीलच्या टोस्टाओची गोष्ट सांगायला बसलो.

एदुआर्दो हे त्याचे खरे नाव. जन्म १९४७चा, बेलो होरिझोन्ती शहरातला. टोस्टाओ म्हणजे तिकडचे एक जुने, लहानसे नाणे. आपण एखाद्या चिमुरड्याला कौतुकाने ‘चवली’ म्हणावे, तशातला प्रकार. पण ही चवली फार मोलाची निघाली. १९६६ साली त्याच्या क्रुझेरो संघाने साक्षात पेलेच्या सांतोस संघाला ६–२ असे लोळवले. पुढे १९६९च्या सप्टेंबरात एका सामन्यात प्रतिस्पर्ध्याने जोराने मारलेला चेंडू त्याच्या डाव्या डोळ्यावर बसला आणि आतला पडदा सुटला. अमेरिकेत ह्यूस्टनला शस्त्रक्रिया झाली. विश्वचषक तर काही महिन्यांवर आलेला! तरीही तो १९७० साली मेक्सिकोत खेळला. इंग्लंडविरुद्ध डाव्या बाजूने तिघाचौघांना चकवून त्याने चेंडू पेलेकडे दिला, पेलेने जाइर्झिन्योकडे सरकवला आणि सामन्यातला एकुलता एक गोल झाला. अंतिम सामन्यात इटलीचा ४–१ असा पराभव झाला. विजयाचे पदक टोस्टाओने आपल्या डोळ्याच्या डॉक्टरला देऊन टाकले.

१९७३ साली तो डोळा पुन्हा कुरकुरू लागला. खेळत राहशील तर दृष्टी गमावशील, असे डॉक्टरांनी बजावले. टोस्टाओने वयाच्या सव्विसाव्या वर्षी खेळ सोडला, पुन्हा पुस्तके हाती घेतली आणि १९८१ साली तो स्वतः डॉक्टर झाला. कित्येक वर्षे तो फुटबॉलच्या गजबजाटापासून दूर राहिला. रोगी तपासले, विद्यार्थ्यांना शिकवले. नव्वदीच्या दशकात तो फुटबॉलकडे परतला तो लेखणी घेऊन.

गोष्ट संपली आणि तंटा सुरू झाला. एक मुलगा म्हणाला, “भ्याला तो.” दुसरा म्हणाला, “डोळा गेला असता तर तू दिला असतास का?” मी मास्तरी थाटात मधे पडलो. हाती असलेले वैभव वेळीच सोडता येणे हाच खरा पुरुषार्थ, अशा अर्थाचे चार शब्द बोललो. तेव्हा मागच्या बाकावरची, एरवी तोंड न उघडणारी एक मुलगी म्हणाली, “पण सर, ज्याला दुसरे काही येतच नाही, त्याने काय करायचे?”

तास संपल्याची घंटा झाली आणि मी सुटलो. प्रश्न मात्र सुटला नाही.

मला गारिंचा आठवला. पाउ ग्रांदे हे त्याचे गाव, कापडगिरणीच्या आधाराने जगणारे. वाकड्या पायांचा हा पोरगा कोवळ्या वयातच गिरणीत लागला. १९५८ आणि १९६२ असे दोन विश्वचषक त्याने देशाला मिळवून दिले. दुसऱ्या खेपेला तर पेले जायबंदी होऊन बाहेर बसला असताना. पुढे त्याचे गुडघे झिजले, तरी तो खेळतच राहिला. १९८३ साली, एकोणपन्नासाव्या वर्षी, दारूने पोखरलेल्या अवस्थेत आणि हलाखीत तो गेला.

दैवाचा खेळ असा, की १५ जुलै १९६६ रोजी लिव्हरपूलच्या मैदानावर हे दोघे एकाच संघातून हंगेरीविरुद्ध उतरले होते. ब्राझील १–३ असे हरले. तो एक गोल एकोणीस वर्षांच्या टोस्टाओचा. गारिंचाचा देशासाठी तो अखेरचा सामना. तो मैदानात असताना ब्राझील हरले ते त्या एकाच दिवशी. एकाला सोडणे जमले, दुसऱ्याला जमले नाही. मग पहिला थोर आणि दुसरा दुबळा, असे म्हणून आपण मोकळे व्हायचे काय?

मला तसे म्हणवत नाही, आणि त्याला एक घरगुती कारण आहे. मी स्वतः मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही. घरची ओढगस्त होती, कॉलेज सुटले. पण पुढे बरीच वर्षे मी लोकांना ‘कॉलेज सोडले’ असे ऐटीत सांगत असे. ‘सुटले’ आणि ‘सोडले’ यांत एका स्वराचा नि एका व्यंजनाचा फरक. पण अवघा स्वाभिमान त्या फरकावर उभा असतो. टोस्टाओचा खेळही खरे तर सुटलाच होता. मात्र जे सुटणार होते ते त्याने आपल्या हाताने सोडले, त्याचे कर्तृत्व ते. ते लहान नव्हे. सव्विसाव्या वर्षी जयघोषाकडे पाठ फिरवून अभ्यासाच्या बाकावर बसणे किती जणांना साधेल? पण त्याच्यासाठी दुसरे एक दार किलकिले होते, हेही तितकेच खरे. गारिंचाला सगळे जग मैदान दाखवीत होते. मैदानाबाहेरचे दार त्याला कोणी दाखवले?

काठावर पोचलेल्याला ‘सोड ती फळी’ म्हणून ओरडणे सोपे असते. भर पाण्यात असलेल्याला ती सोडायला सांगायची, तर आधी आपला हात पुढे करावा लागतो. त्यागाचा उपदेश करणाऱ्याने एवढे तरी पाहावे, की ऐकणाऱ्याच्या हाती दुसरे काही आहे ना. मी वर्गात ते पाहिले नव्हते.

त्या मुलीला मी अजून उत्तर दिलेले नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली, की मी ती गोष्ट पुन्हा सांगणार आहे. या खेपेला मात्र दोघांची.