दादीचे हरणे

येडगावच्या आमच्या घरात जोहरची नमाज झाली की दादी ओसरीवर पाय पसरून बसे आणि कमरेची लहानशी पिशवी सोडी. जुन्या ओढणीच्या तुकड्याची ती पिशवी. आत पाच सागरगोटे. काटेरी वेलीच्या शेंगेतले हे राखाडी, गुळगुळीत बी दादीच्या घरात दोन कामांचे. माझे पोट दुखले की त्यातलाच एखादा उगाळून ती चाटवी आणि दुपारी त्याच गोट्यांनी आम्ही खेळू. बाहेर ऊन रणरणत असे. कुकडीवरचे धरण १९७७ साली झाले. त्याच्या पाण्यावरून अधूनमधून गार वारा येई. तेवढीच दुपारची चैन.

एक गोटा वर उडवायचा, तो खाली येण्याच्या आत जमिनीवरचा उचलायचा आणि वरचा झेलायचा. आधी एकेक, मग दोन-दोन, शेवटी सगळे एकदम. दादी शेवटच्या डावापर्यंत बरोबरीने येई आणि तिथे तिचा हात हमखास चुके. मी जिंके. घरभर सांगत सुटे.

मी नऊ वर्षांची असताना माझी फुफी माहेरी आली. रात्री दोघी खेळायला बसल्या. मी अंथरुणातून पाहत होते. दादी बोलता बोलता, गोट्यांकडे न बघता, चारही गोटे एका झपाट्यात उचलत होती. एकदाही चुकली नाही. मी गोधडीत तोंड खुपसून रडले. म्हणजे माझे इतके सगळे जिंकणे खोटे होते!

जुन्नरची नानी याच्या अगदी उलट. ती पहिल्यांदाच सांगून टाकी, "मी डाव्या हाताने खेळते, तू उजव्याने खेळ." मग मात्र जाणूनबुजून एकही गोटा सोडत नसे. उन्हाळ्याच्या एका पूर्ण सुट्टीत मी तिला दोनदा हरवले. ते दोन्ही दिवस आजही आठवतात. दादीवर मिळवलेल्या शेकडो विजयांपैकी एकही आठवत नाही.

लहान मुलाच्या आनंदासाठी मुद्दाम हरणे, हे खोटे बोलणे आहे का? प्रश्न पोरकट वाटेल. पण आपल्या दीनमध्ये तो पोरकट मानलेला नाही. अबू दाऊदच्या हदीससंग्रहात एक प्रसंग आहे. एका आईने मुलाला हाक मारली, ये, तुला काहीतरी देते. प्रेषित मुहम्मद (स.) तिथे बसले होते. त्यांनी विचारले, काय देणार होतीस? ती म्हणाली, खजूर. त्यावर त्यांनी सांगितले की काहीच दिले नसतेस तर तुझ्या नावे एक खोटे लिहिले गेले असते. मुलाशी बोललेले खोटेही खोटेच, इतका हा हिशेब कडक आहे. त्याच संग्रहात हजरत आयेशा (रजि.) यांची आठवणही आहे. प्रवासात प्रेषितांशी धावण्याची शर्यत लागली, ती त्यांनी जिंकली. पुढे अंग भरल्यावर पुन्हा शर्यत लागली तेव्हा प्रेषित जिंकले आणि म्हणाले, ही त्या वेळची फेड. म्हणजे खेळाला आपल्याकडे जागा आहे आणि खेळातल्या हार-जितीलाही.

तरी दादीला गुन्हेगार ठरवायला मन धजत नाही. सहा वर्षांची पोर रोज हरली असती तर चौथ्या दिवशी गोटे टाकून उठली असती. दादीने मला खेळात टिकवून ठेवले, एवढे तर खरे.

पण हीच सबब मी पुढे स्वतःसाठी वापरली, म्हणून हे लिहिते आहे. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि आठवीपर्यंत कोणाला मागे ठेवायचे नाही असे ठरले. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीपुरती राज्यांना परीक्षेची मोकळीक मिळाली. सातवीतल्या माझ्या एका मुलाला उर्दूचा साधा परिच्छेद वाचता येत नव्हता. त्याच्या प्रगतिपत्रकावर मी लिहिले, "वाचन समाधानकारक". कायद्याने त्याला वर पाठवायला सांगितले होते. खोटे लिहायला सांगितले नव्हते. उलट सतत मूल्यमापन करा, म्हणजे मूल कुठे अडते ते ओळखा, असेच त्यात होते. पण मी मनाशी म्हटले, पोराचे मन कशाला मोडायचे? दादी नव्हती का हरत?

पुढच्या वर्षी तो दुसऱ्या शाळेत गेला. वर्गात वाचायला उभे केले तेव्हा मुले हसली. एका संध्याकाळी तो माझ्या दारात आला. रागावला नव्हता. एवढेच म्हणाला, "बाजी, आपने तो लिखा था के मुझे आता है."

मला उत्तर देता आले नाही.

त्या रात्री दादीची एक गोष्ट आठवली, जी इतकी वर्षे मी तिच्या बाजूने मोजलीच नव्हती. फुफीबरोबरचा खेळ पाहिल्यावर दुसऱ्या दुपारी मी तिला विचारले होते, "दादी, तू मुद्दाम हरत होतीस ना?" ती हसली नाही, गोष्ट फिरवली नाही. म्हणाली, "हां बेटी, हारती थी. आज से नै हारती." आणि त्या दुपारी तिने मला एकही डाव जिंकू दिला नाही. दुसऱ्या दिवशी माझे बोट धरून गोटा किती उंच उडवायचा ते शिकवले. तिला माझी चूक नेमकी माहीत होती आणि दुसऱ्या दिवशीही ती माझ्यासमोर बसणार होती. मी शेरा लिहून मोकळी झाले होते. हरवून घेण्यातली माया आणि अंग काढून घेण्यातली सोय यांत एवढे अंतर आहे.

आता वाचनात अडणाऱ्या मुलांना मी नानीचा डावा हात देते. उतारा हातात देतानाच सांगते, हा तिसरीच्या पुस्तकातला आहे. हा आला की चौथीचा घेऊ. सवलत देते, पण सांगून. दारात आलेला तो मुलगा दर रविवारी घरी येतो. परवा त्याने अर्धे पान न अडखळता वाचले आणि विचारले, "बाजी, सच में आया?"

मी म्हटले, "आधा आया. आधा बाकी है."

तो हसला आणि पुढचे अर्धे पान उघडून बसला.