यंत्राची किल्ली कुणाच्या हातात?

माथेरानची हातरिक्षा बंद होणार म्हटल्यावर हळहळणारे पुष्कळ भेटतात. गावाची जुनी ओळख जाईल, म्हणतात. हे सगळे रिक्षात बसलेले असतात, ओढलेली कुणीच नसते. दस्तुरी नाक्यावरून बाजारपेठेकडे जाणारा रस्ता एकदा त्या गाडीमागून चालावा. चढाला पुढचा गडी दांडी धरून वाकलेला, मागचे एक-दोघे रेटणारे. उताराला सगळं उलटं. मागच्यांनी अंग मागे टाकून गाडी तोलून धरायची, नाहीतर ती पुढच्याच्या पाठीवर. पावसाळ्यात वर निसरडं. यात परंपरा शोधायला बूड टेकायला गादी लागते.

तेव्हा ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं, ते योग्यच झालं. पण तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने तेवढ्यावर सोडलं नाही. राज्य सरकारने ई-रिक्षा विकत घ्याव्यात, गुजरातेतल्या केवडियाच्या धर्तीवर त्या खऱ्या हातरिक्षावाल्यांना भाड्याने चालवायला द्याव्यात आणि पैसे नाहीत ही सबब सांगू नये, असंही बजावलं. निकालात १९८०च्या आझाद रिक्षा पुलर्स खटल्याची आठवण आहे. पंजाबात तेव्हा सायकलरिक्षाचा परवाना फक्त मालक-चालकालाच, असा कायदा आला होता आणि भाड्याची रिक्षा मारणारे रस्त्यावर येणार होते. न्या. कृष्ण अय्यर यांनी कायदा तसाच ठेवून बँकेच्या कर्जातून या चालकांनाच मालक करण्याची वाट काढून दिली.

यंत्र आलं की आपल्याकडे दोनच सूर लागतात. एक म्हणतो, प्रगती अडवू नका. दुसरा म्हणतो, पोटावर पाय नको. दोघेही यंत्राकडेच बघत बसतात. गाडीची किल्ली कुणाला मिळाली, कागद कुणाच्या नावाचा झाला, हे बघायचं राहून जातं. माथेरानला परवान्याच्या हातरिक्षा चौऱ्याण्णव आणि सुरुवातीला मंजुरी मिळाली ती वीस ई-रिक्षांना. शिवाय परवाना रिक्षामागे एक, राबणारे दोन-तीन. मागून ढकलणाऱ्याचं नाव कुठल्याच कागदावर नसेल, तर ‘खरा हातरिक्षावाला’ ठरवताना तो पहिल्या फेरीतच गळणार. ई-रिक्षाला विरोध करणाऱ्या घोडेवाल्यांवर मी चिडू शकत नाही. त्यांच्या पोटाचं काय, याचं धड उत्तर कुणी दिलेलं नाही.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर हमालांची आहे. अण्णासाहेब पाटील यांच्या लढ्यातून १९६९ साली माथाडी कायदा झाला आणि पाठीवर पोतं वाहणारा माणूस प्रथमच कुणाचा तरी कामगार ठरला. त्याची नोंद माथाडी मंडळाकडे. मालकाने मजुरी मंडळात भरायची आणि तिच्यावर टक्केवारीने लेव्ही. त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, दवाखाना. फार दूरदृष्टीचा कायदा, पण लेव्ही बांधलेली आहे मजुरीशी. गोदामात फोर्कलिफ्ट आली, पट्ट्यावरून गोण्या सरकू लागल्या, माल कंटेनरमध्ये बंद होऊन थेट दारात आला की टोळीची मजुरी घटते आणि तिच्याबरोबर लेव्हीही आटते. माल तेवढाच, किंबहुना जास्त. म्हणून माझी मागणी सरळ आहे. लेव्ही उचललेल्या टनावर बसवा, मग तो पाठीने उचललेला असो की यंत्राने. आणि फोर्कलिफ्टवर बसवायला माणूस शोधताना आधी त्याच गोदामातल्या टोळीला विचारा. तरुण गडी महिन्या-दोन महिन्यांत शिकतो. पन्नाशीच्या हमालाला ‘कौशल्यविकासा’चं पत्रक हातात देणं ही मात्र निव्वळ थट्टा आहे. त्याला निवृत्तिवेतनच द्यावं लागेल.

विनाचालक गाड्या भारतात येऊ देणार नाही, असं नितीन गडकरी यांनी २०२३ मध्ये सांगितलं. ट्रकवाल्यांना बरं वाटलं असेल, पण मंत्र्याच्या शब्दावर कुणी वीस वर्षांचा संसार मांडत नाही. शिवाय सगळी यंत्रं अशी वाजतगाजत येत नाहीत. २०२१ मध्ये टोलनाक्यांवर फास्टॅग सक्तीचा झाला, रांगा ओसरल्या, आपण सगळे खूश. खिडकीत बसून सुटे पैसे मोजणारी पोरं पुढे काय करणार, हे विचारायला गाडीची काच कुणी खाली केली नाही.

व्यापारी म्हणतील, यंत्रावरही लेव्ही लावली तर यंत्र घेऊन फायदा काय? फायदा राहीलच. यंत्र दमत नाही, सुट्टी मागत नाही, त्याची कंबर धरत नाही. त्या फायद्यातला एक हिस्सा, ज्याची कंबर आजवर धरली त्याला द्यायचा आहे. तेवढाही हिस्सा देऊन परवडत नसेल, तर ते यंत्र स्वस्त पडतं हा हिशेबच खोटा होता. आजवर ते हमालाच्या खिशातून स्वस्त पडत होतं.