सड्यांची पाहणी पावसाळ्यात करा

सह्याद्री म्हटले की आधी १,६४६ मीटरचे कळसूबाई आठवते, मग हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा. डोंगरमाथ्यांवरचे सपाट सडे कुणाच्या खिजगणतीत नसतात. मे महिन्यात सड्यावर उभे राहिले तर त्यात नवलही वाटत नाही: तापलेला काळा जांभा आणि सावलीला झाड नाही. सरकारदरबारीही असा उघडा खडक पडीक जमिनीतच मोजला जातो.

हा हिशेब चुकीचा आहे.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर साचून दख्खनचे पठार घडले. त्या बेसॉल्टमधली सिलिका पावसाने युगानुयुगे धुऊन नेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरले, हाच जांभा. त्यावर माती जेमतेम बोटभर, पुष्कळ ठिकाणी तीही नाही. मोठी झाडे इथे तग धरत नाहीत, म्हणून बुटक्या वनस्पतींना भरपूर ऊन मिळते. साताऱ्याजवळच्या कास पठारावर मातीत नत्राची इतकी टंचाई, की दवबिंदू ही वनस्पती चिकट पानांवर किडे धरते आणि सीतेची आसवं ही निळ्या-जांभळ्या फुलांची वनस्पती बारीक पिशव्यांत सूक्ष्म जीव ओढून घेते. टोपली कारवी सात वर्षांतून एकदा बहरते. जिच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे, ती वायतुराही इथलीच.

कासला २०१२ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आणि गाड्यांची रांग लागली. बाकीच्या सड्यांच्या वाट्याला वेगळेच आले. कोल्हापूर जिल्ह्यात बॉक्साइटसाठी माथे खणले गेले. कोकणात सुरुंग लावून खड्डे पाडले, बाहेरून माती आणून हापूस लावला. (बागायतदाराला त्यासाठी बोल लावणे सोपे आहे, त्याचे घर त्याच कलमांवर चालते.) रत्नागिरीच्या कातळावर तर प्रागैतिहासिक माणसाने चित्रे कोरली. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांबीचा आहे. कोकणातली ही कातळशिल्पे २०२२ मध्ये, गोव्याच्या पणसायमळसह, युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली.

सडा ओळखायचा तर पावसाळ्यातच, कारण त्याचे बहुतेक आयुष्य त्या तीन-चार महिन्यांत उरकते. उन्हाळ्यात पाहणी करून ‘येथे उल्लेखनीय वनस्पती आढळल्या नाहीत’ असे लिहिणारा अहवाल खोटा नसेल, पण निरुपयोगी नक्कीच आहे. सड्यावरच्या कोणत्याही खाणीला किंवा प्रकल्पाला परवानगी देण्याआधी जुलै ते सप्टेंबरमधली पाहणी सक्तीची करावी, आणि पडीक जमिनीच्या यादीतून सडे वगळावेत.