हुकूम आणि हात

निदर्शकांवर लाठी चालली कीं दुसऱ्या दिवशीं सरकार म्हणतें जमाव बेकायदा होता. विरोधक म्हणतात सरकार जुलमी आहे. चौकशी नेमली गेली तर हुकूम कोणीं दिला याचा ती शोध घेते. या गदारोळांत ज्याच्या मुठींत लाठी होती त्या शिपायाविषयीं मात्र कोणी फारसें बोलत नाहीं. तो बिचारा हुकमाचा ताबेदार, असें म्हणून आपण त्याला सोडून देतों. यांत आपण त्याच्यावर दया करतों अशी आपली समजूत असते. वस्तुतः त्याचें माणूसपणच आपण नाकारीत असतों.

जालियनवाला बागेचीच गोष्ट घ्या. १३ एप्रिल १९१९ रोजीं तेथें सुमारें दहा मिनिटांत १६५० गोळ्या झाडल्या गेल्या; सरकारी हिशेबानेंच ३७९ माणसें मेलीं. पुढें हंटर कमिटीसमोर जनरल डायरनें आपण काय केलें व कां केलें हें निलाजऱ्या स्पष्टपणानें सांगितलें, आणि तेव्हांपासून त्या संहारावर त्याचें एकट्याचें नांव कोरलें गेलें. तें योग्यच झालें. पण बंदुका चालविणारे पन्नास होते. सरासरी काढली तर प्रत्येकाच्या वाट्यास तेहतीस गोळ्या येतात. पहिल्या खेपेस संवयीनें, हुकमाच्या आवाजानें दचकून, बोट आपोआप आवळलें गेलें असेल. परंतु त्या काळची ती बंदूक. दर गोळीला खटका ओढावा लागे, मध्यें पुन्हा काडतुसें भरावीं लागत. इतकी उसंत मिळाल्यावर तेहतिसावी गोळी कोणाची, डायरची कीं झाडणाराची?

हुकूम कानीं पडतांच मनुष्याचा विवेक बंद पडतो काय, याचा पुरावा मला धारासन्याच्या हकीकतींत सांपडतो. तेव्हांच्या मुंबई इलाख्यांतील या मिठागरावर २१ मे १९३० रोजीं सरोजिनी नायडू व मणिलाल गांधी यांच्या पुढारीपणाखालीं सुमारें अडीच हजार सत्याग्रही चालून गेले. हात न उचलतां एकामागून एक रांग पुढें येई आणि लोखंडी टोकाच्या लाठ्यांखालीं कोसळे. वेब मिलर नांवाचा अमेरिकन वार्ताहर तेथें हजर होता. त्यानें जगाला कळविलेल्या वृत्तांतांत जखमी डोक्यांचें वर्णन आहे तसेंच एक लहानसें निरीक्षणहि आहे, आणि माझ्या मतें नीतिशास्त्राचें एक सबंध प्रकरण त्यांत आलें आहे. गोरे अधिकारी रांगेच्या दुसऱ्या भागांत गुंतले कीं इकडच्या देशी शिपायांचे हात सैल पडत; अधिकारी परतले कीं पुन्हां मार सुरू होई.

ज्यानें आपली इच्छा खरोखरच वरिष्ठाच्या स्वाधीन केली, त्याचा हात त्याच्या पाठीमागेंहि तितक्याच जोरानें चालला पाहिजे. तो सैल पडला, याचा अर्थ विवेक जागा होता. अधिकाऱ्याच्या नजरेनें त्याच्यावर भीति तेवढी घातली होती. भीतीला मी क्षुद्र म्हणत नाहीं. नोकरी, पेन्शन, पोलिस लाइनींतल्या दोन खोल्या, मुलांच्या शाळा, इतकें सगळें एका हुकमावर टांगलेलें असतें. पण भीति ही सबब आहे. ती किती मान्य करावी हा पुढचा प्रश्न. सबब सांगणारा मात्र कृत्य आपलें असल्याचें आधींच कबूल करतो.

कायदाहि याहून निराळें सांगत नाहीं. १८६० च्या दंडसंहितेच्या ७६ व्या कलमाखालीं एक उदाहरण होतें. २०२४ च्या जुलैपासून अंमलांत आलेल्या न्याय संहितेनें तें १४ व्या कलमांत जसेंच्या तसें उचललें. वरिष्ठाच्या हुकमावरून शिपाई जमावावर गोळी झाडतो. त्याच्याकडून गुन्हा घडत नाहीं. लोक एवढेंच ऐकून थांबतात. परंतु तें कृत्य कायद्याच्या आज्ञेस अनुसरून असलें पाहिजे, अशी अट त्याच वाक्यांत आहे. ती अट पाळली जाते कीं नाहीं हें शिपायानें पाहावयाचें नाहीं, तर कोणीं?

येथें एक जबर आक्षेप आहे, आणि तो चक्क गांधीजींचा आहे. २३ एप्रिल १९३० रोजीं पेशावरांत चंद्रसिंह गढवाली व त्याच्या सोबत्यांनीं निःशस्त्र पठाणांवर गोळी झाडण्याचें नाकारलें. पुढें एका फ्रेंच पत्रकारानें छेडलें असतां गांधीजींनीं त्यांची बाजू घेतली नाहीं. शपथ घेऊन हुकूम मोडणारा सैनिक दोषीच. उद्यां राज्य आमच्या हातीं आलें तर याच सैनिकांकडून काम घ्यावयाचें आहे, असा त्यांचा आशय होता. राज्य आलें, आणि १९५५-५६ मध्यें संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळींत मुंबईच्या रस्त्यांवर लोकनियुक्त सरकारच्या पोलिसांनीं गोळ्या झाडल्या. तरीहि आक्षेप खोटा ठरत नाहीं. दंगलींत एखाद्या अल्पसंख्य वस्तीच्या तोंडाशीं उभा केलेला शिपाई 'माझें मन या लोकांचें रक्षण करूं देत नाहीं' असें म्हणाला, तर त्यालाहि आपण विवेक म्हणणार काय?

मला एकच कसोटी सुचते: नकाराची किंमत कोण भरतो? पेशावरचा गोळीबार कांहीं टळला नाहीं. तो दुसऱ्यांनीं केला. पण नकाराची किंमत चंद्रसिंहानें स्वतः भरली. त्याला जन्मठेप झाली आणि १९४१ सालीं तो सुटला. वस्तीकडे पाठ फिरविणाऱ्या शिपायाची किंमत वस्ती भरते. जमाव दगड फेकीत असेल, घरें पेटवीत असेल, तेथें बळ वापरणें हेंच कर्तव्य ठरूं शकतें. तेथें या कसोटीनें भागत नाहीं, हें मला दिसतें. शिवाय प्रत्येक शिपायानें चंद्रसिंह व्हावें हें मागणें खुर्चींत बसून करण्यासारखें सोपें आहे. पण नकार आणि आज्ञापालन यांच्या मध्यें बरीच जागा असते. डोक्याऐवजीं पायांवर मारतां येतें. खालीं पडलेल्या माणसावर दुसरा तडाखा हाणण्याचा हुकूम तर सहसा कोणी देतच नाहीं. तो दुसरा तडाखा सर्वस्वीं शिपायाचा असतो.

सर्वस्वीं म्हटलें खरें, पण त्यांत आमच्यासारख्या पांढरपेशांचा थोडा वांटा आहे. चहाच्या पेल्याबरोबर वर्तमानपत्र उलगडून 'बरें बदडून काढले' असें म्हणणारी घरें मी पुष्कळ पाहिलीं आहेत, आणि तीं वाईट माणसांचीं नव्हेत. माझा एक जुना विद्यार्थी आज पोलिसखात्यांत अधिकारी आहे. मागें भेटला तेव्हां मी त्याला हें सारें ऐकविलें. त्यानें शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, "सर, लाठी उगारलेल्या शिपायाचा हात मी धरला आणि रस्ता दुपारपर्यंत बंद राहिला, तर संध्याकाळीं तुमच्या सोसायटींतले लोक माझ्याविषयीं काय बोलतील?"