टिंबाची फाइल

सांगलीच्या आबांना दोन गोष्टींचा अभिमान होता, मास्तरकीचा आणि घरातल्या सिनेमांच्या साठ्याचा. पहिल्याबद्दल ते क्वचित बोलत. दुसऱ्याबद्दल बोलायला लागले की पाहुण्याचा चहा गार व्हायचा.

हा साठा एका दिवाळीत त्यांच्या मुलानं, मिलिंदनं, लावून दिला. बेंगळुरूहून आला, जुना कॉम्प्युटर टीव्हीखाली ठेवला, 4 टीबीची डिस्क जोडली आणि त्यावर जेलीफिन टाकलं. हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि कामसू आहे. दाखवाल त्या फोल्डरमध्ये शिरतं, तिथल्या प्रत्येक व्हिडिओचं नाव इंटरनेटवरच्या चित्रपटांच्या यादीशी ताडून पाहतं आणि पोस्टर, साल, नटनट्या लावून टीव्हीवर मांडून ठेवतं. फोल्डरवर ‘श्वास (2004)’ असं नाव आणि कंसात वर्ष असेल तर सहसा चुकत नाही. वर्ष नसेल तर अंदाज करतं.

त्या अंदाजांनी पहिल्याच संध्याकाळी घर हसवलं. वास्तुशांतीच्या चित्रणाला आबांनी हौसेनं ‘उंबरठा’ नाव दिलं होतं. त्यावर 1982 सालच्या ‘उंबरठा’चं पोस्टर चढलं आणि कलाकारांत पहिलं नाव स्मिता पाटील. पोपटाच्या फोल्डरचं नाव ‘पिंजरा’, तर त्याचे दिग्दर्शक व्ही. शांताराम. “आपला राघू 1972चा निघाला की,” आई म्हणाली.

मिलिंद मात्र हसला नाही. त्याला पसारा खपत नसे, आणि पसारा याहून मोठा होता. जुन्या व्हीएचएस कॅसेट गणपती पेठेतल्या एका दुकानात डीव्हीडीवर उतरवून घेतल्या होत्या. डीव्हीडीवरचं चित्रण जास्तीत जास्त एकेक जीबीच्या तुकड्यांत साठवलेलं असतं. ते तुकडे कुणीतरी सुटेसुटे कॉपी केलेले, त्यामुळे मावशीच्या एका लग्नाचे चार सिनेमे झाले होते आणि चौथा मधूनच सुरू होत होता.

यावर उपाय आहे. नको त्या फोल्डरमध्ये ‘डॉट इग्नोर’ नावाची रिकामी फाइल ठेवायची. जेलीफिन त्या फोल्डरकडे बघतच नाही. कोडी या तसल्याच सॉफ्टवेअरमध्ये हेच काम ‘डॉट नोमीडिया’ करते; प्लेक्समध्ये ‘डॉट प्लेक्सइग्नोर’, पण तिच्यात काय वगळायचं ते लिहावं लागतं. काही पुसलं जात नाही, फक्त यादीत येत नाही. खरं तर एकेक फोल्डर उघडून बघायचं आणि हवं तेवढंच वगळायचं. पण रात्रीची गाडी होती. मिलिंदनं ती फाइल सगळ्यांच्या बाहेरच्या ‘कॅसेट’ या फोल्डरमध्येच टाकली आणि बॅग उचलली. घाईत वगळणारा माणूस हमखास एक पायरी वरून वगळतो.

आणि टिंबानं, म्हणजे डॉटनं, सुरू होणारी फाइल त्या कॉम्प्युटरवरच्या लिनक्समध्ये एरवी नजरेलाही पडत नाही.

टीव्हीवरची यादी देखणी झाली. आबा खूश. दोन वर्षं कुणाला काही कमी जाणवलं नाही, कारण आपली जुनी लग्नं कोण रोज बघतं?

मग 5 नोव्हेंबर जवळ आला. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली ‘सीतास्वयंवर’ केलं ते सांगलीत, त्यामुळे रंगभूमी दिन इथं घरच्या कार्यासारखा असतो. हौशी मंडळानं जुन्या प्रयोगांची चित्रणं दाखवायचं ठरवलं आणि आबांकडे निरोप आला, “सर, तुमच्या नाटकाची कॅसेट होती ना?”

आबांनी टीव्हीवर शोधलं. नाटक नाही. लग्न नाही, मुंज नाही, उंबरठाही नाही. कॅसेटना पांढरी बुरशी धरली म्हणून त्या कधीच टाकून दिल्या होत्या. आबांनी थोडा वेळ विचार केला आणि गुन्हेगार ठरवला: दुकानदार. त्यानं उतरवलंच नसणार. दुकानदार त्यांचाच जुना विद्यार्थी, म्हणून राग दुप्पट. भर पेठेत, दोन गिऱ्हाइकांसमोर ते त्याला म्हणाले, “शाळेत कॉपी करायचास, आता तेवढीही केली नाहीस.”

तो काही बोलला नाही. तीन तासांची कॅसेट उतरवायला तीन तासच लागतात, ती चालू असताना यंत्रापाशी बसावं लागतं, हे तो सांगू शकला असता. रविवारी दुकान बंद करून तो घरी आला. “सर, टीव्हीवर नको, डिस्क थेट बघूया.” त्यानं कॉम्प्युटरवर फोल्डर उघडलं. ‘कॅसेट’ जिथल्या तिथे. आत नाटक, दोन अंक, पूर्ण. मग त्यानं लपलेल्या फाइली दाखवायला सांगितलं, आणि टिंबाची ती फाइल वर आली. आकार शून्य.

आबांनी मिलिंदला फोन लावला.

“कसली फाइल?” मिलिंद म्हणाला. मग बराच वेळ गप्प. “मीच टाकली असणार. का ते आठवत नाही हो.”

आबांनी फोन ठेवला, आईला चहा टाकायला सांगितलं आणि विद्यार्थ्यापुढे स्वतः खुर्ची सरकवली. चहा पिऊन ते त्याच्याबरोबर पेठेत गेले. पेठेत जे बोलले होते ते पेठेतच परत घ्यायचं होतं. रविवार असल्यामुळे गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून सोमवारी पुन्हा गेले.

पुढची व्यवस्था त्या विद्यार्थ्यानं लावली. घरगुती चित्रणांना जेलीफिनमध्ये वेगळा कप्पा करता येतो, तिथे पोस्टरं शोधायची भानगड नाही. राघू आणि वास्तुशांत तिकडे गेली. लग्नाचे तुकडे जोडून एक केले आणि सुटे तुकडे तेवढे वगळले. त्यावर आबांनी मास्तरी नियम घातला: जिथे काही वगळाल तिथे शेजारी दुसरी फाइल हवी, दिसेल अशी, नाव ‘कारण’, आत तारीख आणि वगळणाऱ्याचं नाव.

नाटक मंडळात दाखवलं गेलं. आबांनी स्वतःला इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच रंगमंचावर पाहिलं. घरी येताच त्यांनी विद्यार्थ्याला बोलावून घेतलं.

“हे वगळ.”

“सर, कारण?”

“लिही. नट वाईट. दुसऱ्या अंकात तीन वाक्यं खाल्ली.”

त्यानं लिहिलं. आईनं स्वयंपाकघरातून विचारलं, “खाली जागा आहे का रे? मग लिही, आईची हरकत आहे.”