उष्टे आणि काला

हैदराबादेत मुसी नदीच्या उत्तर तीरावर आमची गौलीगुडा ही वस्ती आहे. गवळ्यांचा पाडा, असा त्या नावाचा सरळ अर्थ. आता गवळी गेले, गोठेही गेले. नदीच्या बाजूस लोखंडी कमानीखाली अनेक वर्षे बसगाड्यांचा तळ होता. ती कमानही ५ जुलै २०१८ रोजी कोसळली. नाव तेवढे दुधाचे राहिले. या दुधाच्या नावाच्या वस्तीतून निघून आम्ही पाच स्नेही गेल्या महिन्यात शहराच्या पश्चिमेकडील नव्या भागात एका उपाहारगृहात जेवावयास गेलो, आणि तेथे आमच्यापुढे जे वाढण्यात आले तेही दुधाचेच एक रूप होते. त्याला फाँड्यू म्हणतात.

फ्रेंच भाषेतील ‘वितळणे’ या धातूपासून हा शब्द आला. आतून लसूण चोळलेल्या जाड भांड्यात किसलेले चीज आणि पांढरी द्राक्षासव मंद आचेवर वितळवतात. ते भांडे खाली दिवा लावून मेजाच्या मध्यभागी ठेवतात. आणि भोवती बसलेली माणसे लांब काट्यांना पावाचे तुकडे टोचून त्यात बुडवून खातात. प्रत्येकाला वेगळे ताट असे नाहीच. पदार्थ स्वित्झर्लंडचा. चीज आणि द्राक्षासव एकत्र शिजविण्याची कृती झुरिच येथील १६९९ सालच्या एका संग्रहात सापडते. पण तो साऱ्या देशाचा पदार्थ झाला तो मात्र १९३० नंतरच्या काळात. १९१४ ते १९९९ पर्यंत चालू असलेल्या तेथील चीज-व्यापाऱ्यांच्या संघाने आपला माल खपावा म्हणून त्याचा डांगोरा पिटला. एका भांड्यातून खाण्याचा जिव्हाळासुद्धा जाहिरातीने विकता येतो, हे वकिली पेशातल्या माणसाने ध्यानात ठेवलेले बरे.

भांडे मेजावर येण्यापूर्वीच एक लहानशी वाटाघाट झाली. आमच्यातील एक स्नेही मुसलमान प्राध्यापक. त्यांना आसव वर्ज्य. दुसरे कट्टर शाकाहारी. पुष्कळसे चीज वासराच्या जठरातील विरजणाने लावतात हे त्यांना ठाऊक होते. विचारता असे कळले की, तेथील चीज वनस्पतिजन्य विरजणाचे आहे, आणि आसवाऐवजी लिंबाचा रस घालता येईल. वितळलेल्या चीजच्या तारा न होता ते एकजीव राहण्यास आसवातील आंबटपणाच साह्य करतो. ते काम लिंबूही करते. तेव्हा लिंबाचे भांडे आले. आम्हां उरलेल्या तिघांना आसव चालले असते. पण आपले काही गेले असे आम्हांस वाटले नाही. एका भांड्यात जेवावयाचे, तर ज्याचा नेम सर्वांत कडक त्याचा नेम सर्वांचा होतो. नाहीतर भांडी दोन करावी लागतात. सहजीवनाचा एवढा सोपा सिद्धान्त आम्ही कोणत्याही ग्रंथात वाचलेला नाही.

मग पाचही काटे एका भांड्यात उतरले. हसणे झाले, वाद झाले. ज्याचा पाव भांड्यात पडेल त्याने दंड द्यावा, असा या जेवणाचा रिवाज आहे. आमचा पाव दोनदा पडला आणि कॉफीचे पैसे आम्हांस द्यावे लागले. घरी परतताना मात्र एक शब्द आमच्या मनात घोळू लागला, तो म्हणजे उष्टे.

आमच्या आजीच्या स्वयंपाकघरात या शब्दाचा धाक मोठा होता. तोंडास लागलेला चमचा भांड्यात गेला तर भांडे बाटले. पण तीच आजी सप्ताहाच्या शेवटी काल्याच्या कीर्तनाला जाई, आणि गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या एकत्र कालवल्या व देवाने त्यांचे उष्टे खाल्ले, हे ऐकताना तिच्या डोळ्यांना पाणी येई. आषाढी पौर्णिमेला पंढरपुराजवळ गोपाळपुरी काला होतो, तेव्हा वारीची सांगता होते. गोव्यातील वाचकांना माशेलच्या देवकीकृष्णापुढचा चिखलकालो परिचित आहे. तेथे माणसे एकाच चिखलात लोळतात आणि कोण कोणाचा हे ओळखू येत नाही. म्हणजे आमच्या परंपरेने उष्ट्याला वर्षभर दूर ठेवले, आणि एक दिवस त्यालाच प्रसाद म्हटले. काला देवळात होता. स्वयंपाकघरात तो कधी आला नाही.

जे स्वयंपाकघराबाहेर खाऊ पाहत होते त्यांना काय किंमत द्यावी लागली, हे गेल्या दोन शतकांच्या इतिहासात नमूद आहे. १८४९ साली मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेत प्रवेश घेणाऱ्याने ख्रिस्त्याने भाजलेला पाव खावा आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यावे, असा नियम होता. सभा गुप्त होती. १८६० साली सभासदांची यादी चोरीस गेली, नावे फुटण्याचे भय पडले आणि सभा मोडली. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा पुढे आला. कोणी तो घेतला, कोणी नुसता हाती धरला. आणि नावे छापून येताच त्यावरून ग्रामण्य उभे राहिले. शंकराचार्यांच्या वतीने चौकशी झाली, आणि रानड्यांसारख्या माणसालाही १८९२ साली प्रायश्चित्त घ्यावे लागले. एक पावाचा तुकडा आणि एक पेला चहा! आम्ही त्या रात्री पावाचे निदान चाळीस तुकडे खाल्ले आणि आमची नावे कोणीही छापली नाहीत.

यावर कायद्याचा अभिमान बाळगण्यास जागा आहे. घटनेच्या १५ व्या अनुच्छेदाने सार्वजनिक उपाहारगृहांची दारे सर्वांना उघडली. १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता रद्द केली. १९५५ च्या कायद्याला १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा असे नाव मिळाले. त्याच्या ४ थ्या कलमात तर सार्वजनिक उपाहारगृहात सर्वांसाठी ठेवलेल्या भांड्यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. कायदा करणारांना माणसे ठाऊक होती. दार उघडूनही पेला वेगळा ठेवता येतो, हे त्यांनी ओळखले होते. आमच्या तेलंगणात आणि शेजारच्या आंध्रात चहाच्या टपरीवर दोन प्रकारचे पेले ठेवण्याची चाल पुढे कितीतरी वर्षे टिकली; तिला ‘दोन पेल्यांची पद्धत’ असे नावच पडले होते.

परंतु त्या कलमाची भाषा सार्वजनिक जागेची आहे. आमच्या स्वयंपाकघरातील फडताळापाशी ती पोहोचत नाही. आणि त्या फडताळात, खालच्या फळीवर, एक पांढरा कप इतर कपांपासून अलग पालथा घातलेला असतो. तो आमच्याकडे भांडी घासावयास येणाऱ्या बाईंचा. आमचे सर्व कप त्याच घासतात; पण त्यांपैकी एकातूनही त्या चहा पीत नाहीत. अकरा वर्षे हे चालले आहे. तो कप तेथे कोणी ठेवला, हे आमच्या घरात कोणास आठवत नाही. अन्यायाचे हे एक लक्षणच आहे: त्याचा दस्तऐवज सापडत नाही.

वाचक म्हणतील, हा जातीचा प्रश्न नव्हे, आरोग्याचा आहे. आम्हीही स्वतःला तेच सांगत आलो. पण त्या रात्री प्राध्यापकांना खोकला होता, आणि तरी कोणी वेगळे भांडे मागितले नाही. २०२० साली करोनाच्या साथीत आमच्या घरी आम्हांसच वेगळे ताट-वाटी मिळाली होती. चौदा दिवसांनी ती पुन्हा इतर भांड्यांत मिसळली. रोगासाठी वेगळे केलेले भांडे रोग गेल्यावर परत येते. जे कधीच परत येत नाही, ते रोगासाठी वेगळे केलेले नसते.

आणि मग त्या रात्रीच्या आमच्या उदारपणाची किंमत किती? आम्ही पाचही जण शिकलेले, खाऊनपिऊन सुखी. एकमेकांच्या घरी जाणारे. आमचे धर्म वेगळे असले तरी मिळकतीचा दाखला जवळजवळ एकच. ज्याला आपण आधीच आपल्या बरोबरीचा मानले आहे, त्याच्या भांड्यात काटा घालण्यास धैर्य लागत नाही. काल्यातली गोष्ट निराळी होती. तेथे प्रत्येकाची शिदोरी आपापल्या घरची, कोणाची ताकभाकर, कोणाची दहीभात. आणि शिदोरी पाहून कोणास दूर बसविले नव्हते. आमचे भांडे पैसे देऊन आणलेले होते; आणि ज्याला ते पैसे देता येत नाहीत, तो त्या मेजाभोवती येण्याचा संभवच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तो पांढरा कप उचलून इतर कपांत मिसळून ठेवला आणि सर्वांबरोबर बाईंनाही निळ्या नक्षीच्या कपातून चहा देण्यास घरात सांगितले. मनातून आम्हांस थोडे समाधानही वाटत होते. ते लपविण्यात अर्थ नाही. बाईंनी त्या कपाकडे पाहिले, तो ओट्यावर तसाच ठेवला आणि विचारले, “अम्मा, मेरा कप किधर रखे?”

घरातून उत्तर गेले की, यातूनच घ्या, आता सगळे सारखेच. त्या म्हणाल्या, “ये नक्को अम्मा. फूटा तो पैसे कटते.”

त्या खोटे बोलत नव्हत्या. दोन वर्षांपूर्वी याच संचातील एक बशी त्यांच्या हातून फुटली होती आणि महिन्याच्या पगारातून तिचे साठ रुपये आम्ही वळते करून घेतले होते. नुकसान करणाराने भरपाई द्यावी, हे तत्त्व आम्ही न्यायालयात रोज सांगतो. स्नेह्यांच्या मेजावर पाव पडला तेव्हा दंड हा खेळ होता, कारण तेथे दंड देणारा आणि घेणारा दोघेही उद्या त्याच मेजावर बसणार होते. आमच्या ओट्यापाशी तोच दंड भाकरीतून जात होता. कप एक करून काय होणार? फुटण्याचे भय अजून दोन प्रकारचे होते.

आम्ही ते साठ रुपये परत केले. बाईंनी ते मोजून घेतले, आभार मानले नाहीत, आणि मानण्याचे कारणही नव्हते. फुटलेल्या भांड्याचे पैसे यापुढे घरात कोणाकडूनही घ्यावयाचे नाहीत, असे ठरले. तो पांढरा कप आता इतर कपांत आहे. बाई तो त्यातून अचूक शोधून काढतात आणि त्यातच चहा घेतात. आम्ही काही बोलत नाही. अकरा वर्षांत जे त्यांना शिकविले, ते विसरण्याचा दिवस त्यांनीच ठरवावयाचा आहे. तोवर त्या पांढऱ्या कपातून कधी आम्ही चहा घेतो, कधी आमची मुलगी घेते.